कथबर्टच्या बरणीला ऊन

नागपुरात परतलो तेव्हा सगळ्यांना वाटलं, मी क्रिकेट पाहायला गेलो होतो. लकडगंजातल्या आमच्या चहाच्या टपरीवर पहिल्याच सकाळी चौकशी झाली, "सर, वेस्ट इंडिजले गेल्ते म्हणे? मॅच पायली का नाई?" मी म्हटलं, मॅच नाही पाहिली, सोळा दिवस जेवलो आणि रम प्यायलो. त्यानंतर टपरीवर मला बसायला स्टूल मिळू लागलं.

पण त्या सोळा दिवसांतली खरी गोष्ट मी तिथं सांगितली नाही. तिच्यात माझी आणि माझ्या बायकोची अशी दोघांची फजिती आहे. टपरीवर सांगितली असती तर दुपारपर्यंत ती इतवारीत पोचली असती. आता वर्ष होत आलं आणि याच आठवड्यात असं काही घडलं, की लिहिल्यावाचून राहवत नाही.

आमची मुलगी मुग्धा जनावरांची डॉक्टर. कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा नावाच्या बेटावर ती शिकवायला असते. बेट केवढं, तर नागपूरहून निघून कुही गाठायच्या आतच समुद्रात पडायचं, एवढं. जायफळ, दालचिनी, लवंग, आलं, हळद, सगळं तिथं परसात उगवतं. बेटावर उतरून विमानाचं दार उघडलं आणि नलिनी, म्हणजे माझी बायको, खोल श्वास घेऊन म्हणाली, "अहो, किराणा ओळीत आल्यासारखं वाटून राहिलं." दीड दिवसाच्या प्रवासात ती पहिल्यांदाच हसली होती.

खालचा व्हरांडा

मुग्धा राहते ते घर मिस अर्लीन यांचं. वर मुग्धाची खोली, खाली अर्लीनबाईंची स्वतःची खोली आणि सहा टेबलांची खाणावळ. व्हरांड्यातून खाली समुद्र दिसतो. दोन वर्षांपूर्वी मुग्धाला तिथं डेंगू झाला होता, तेव्हा या बाईंनी बारा दिवस तिच्या उशाशी बसून तिला पेज पाजली होती. पोर बरं झाल्यावरच आम्हाला हे कळलं. म्हणून नलिनी त्यांना पहिल्या दिवशीच वाकून नमस्कार करायला गेली. अर्लीनबाईंना वाटलं, हिची काही वस्तू पडली. त्याही शोधायला वाकल्या आणि दोघींची डोकी आपटली. तिथून त्या नलिनीच्या अर्लीनताई झाल्या.

त्या खाणावळीत मेनूकार्ड नव्हतं. व्हरांड्याच्या भिंतीवर फळीवर काचेच्या अकरा बरण्या होत्या आणि प्रत्येकीत रम मुरत पडली होती. एकीत आलं, एकीत चिंच, एकीत जायफळ आणि जायपत्री, एकीत संत्र्याची वाळवलेली साल. जेवणात काय आहे ते पाहून कुठली रम द्यायची हे अर्लीनताई ठरवत. आपण मागायची सोय नाही. पहिल्या दुपारी त्यांनी अळूच्या पानांचं नारळ घातलेलं दाट सूप दिलं आणि सोबत आल्याची रम, बोटाएवढ्या पेल्यात. सूप आमच्या लग्नातल्या अळूच्या भाजीचं सख्खं भावंडच. वर ती रम घशातून उतरली आणि मला माझी सर्दी कायमची गेल्याची खात्री पटली. तळलेल्या माशांबरोबर चिंचेची आली, ती आंबटगोड आणि लबाड. जेवण संपल्यावर जायफळाची, तीत वरून किसलेल्या जायफळाची चिमूट.

नागपुरात मी शनिवारी दोन मित्रांसोबत एक छोटा पेग घेतो आणि फुटाणे खातो. त्या वेळी नलिनी घरात मुद्दाम भांडी वाजवत असते. तिथं मात्र जेवणाच्या ताटाशेजारी राजरोस पेला, समोर समुद्र आणि बायकोच्या चेहऱ्यावर आठी नाही. मी तिला विचारलंही. ती म्हणाली, "इथं लोक जेवणासंगं पिऊन राहिले. तुमच्या त्या फुटाण्यासारखं चोरून नाई."

ती स्वतः थेंबही घेत नाही. पण एका बरणीत गडद लाल काहीतरी दिसलं आणि ती उठून जवळ गेली. ती अंबाडीची बोंडं होती! आमच्याकडे अंबाडीची भाजी भाकरीसोबत खातात, बोंडांचं सरबत करतात. त्या लोकांकडे नाताळात याची रम लागते. अर्लीनताईंनी नलिनीला रम न घालता, आलं आणि लवंग घालून तेच लाल सरबत दिलं. मग दोघी स्वयंपाकघरात गेल्या, ते संध्याकाळी बाहेर आल्या. नलिनीचं इंग्रजी बारा-पंधरा शब्दांचं. तिनं हळदीला हळद म्हणावं, त्यांनी हळदीला केशर म्हणावं (तिथं तसंच म्हणतात), आणि दोघींनी बोटं पिवळी करून दाखवून समजून घ्यावं, असं चाललं होतं.

कोपऱ्यातल्या टेबलावर रोज दुपारी एक म्हातारा कोळी येऊन बसायचा, फिट्झरॉय नावाचा. त्याला काहीच पसंत नसे. सूप खारट, मासा लहान, समुद्र आज फारच निळा. त्याची मुख्य तक्रार होती ती कथबर्टबद्दल. कथबर्ट हा अर्लीनताईंचा नवरा, फिट्झरॉयच्याच होडीवर जन्मभर काम केलेला. वर्षापूर्वी वारला. "माझ्यासारखा मित्र त्याला मिळाला नसता," फिट्झरॉय मला सांगायचा, "पण त्याची रम! डोक्यात खिळा ठोकल्यासारखी. अठ्ठावीस वर्षं सांगत होतो, बाबा रे, कडकपणा कमी कर. ऐकेल तर शपथ."

ती रम होती कुठे? सगळ्यात वरच्या फळीवर, बाकीच्या अकरांपासून वेगळी, एक फुगीर पोटाची बारावी बरणी. बूच घट्ट बसवलेलं. आत काळपट तपकिरी रम आणि तळाशी काटक्या, साली, बिया. ती कुणालाच वाढली जात नव्हती. मी एकदा बोट दाखवलं तर अर्लीनताई फक्त म्हणाल्या, "रविवारी."

गुरुवार

गुरुवारी सकाळी अर्लीनताई रविवारच्या जेवणाचं सामान आणायला बेटाच्या दुसऱ्या टोकाला भावाकडे गेल्या. मुग्धा कॉलेजात गेली होती. खाणावळ बंद होती. जाताना त्या नलिनीचा हात धरून म्हणाल्या, घर तुमच्या स्वाधीन.

आता नलिनीच्या स्वाधीन घर करणं म्हणजे काय, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? अर्ध्या तासात फरशी पुसून झाली. मग तिनं फळीवरच्या बरण्या फडक्यानं पुसायला घेतल्या. बाराव्या बरणीशी आली आणि थबकली. बुचाच्या कडेला पांढरट बुरशी धरली होती. तिथली हवा दमट, त्यात वर्षभर बरणी उघडलेली नाही.

"अहो, इकडे या. हे पाहा. बुरा आला ना याले. रविवारी वाढणार आहे ती आणि हे असं!"

"मग?"

"मग काय मग? ऊन दाखवा लागते."

एक लक्षात घ्यावं, की नलिनीच्या माहेरी, कुहीला, आणि सासरी, लकडगंजात, लिंबाच्या लोणच्याला बुरशी लागल्याचं कुणाच्या ऐकण्यात नाही. का, तर वेळच्या वेळी ऊन. झाकण काढायचं, बरणीच्या तोंडाला सुती कापडाचा दादरा बांधायचा आणि गच्चीवर दिवसभर ठेवून द्यायचं. आतला ओलावा निघून जातो. हे तिनं पस्तीस वर्षं केलंय. तिनं बूच काढून उकळत्या पाण्यात धुतलं, बॅगेतून जुन्या सुती साडीचा तुकडा काढला, चौपदरी करून बांधला. मी ती जड बरणी दोन्ही हातांनी उचलून अंगणातल्या कठड्यावर नेऊन ठेवली. हो, मीच. एकतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलेला माणूस.

तो दिवस फार सुंदर गेला. मी बरणीशेजारच्या सावलीत खुर्ची टाकून वाचत बसलो. जसजसं ऊन चढलं तसतसा अंगणभर वास पसरला. जायफळ, दालचिनी, संत्र्याची साल आणि मागे काहीतरी जळक्या गुळासारखं. मी अधूनमधून पुस्तक मिटून नुसता वास घ्यायचो. दुपारी तर नलिनीला हाक मारून म्हणालो, "काय सुवास सुटला आहे, ये ना वं!" ती आली, तिनंही घेतला. आम्ही दोघं तिथं कौतुकानं उभे होतो आणि आमच्या नाकासमोरून कथबर्टची रम हवेत उडून जात होती.

चारला मुग्धा आली. कठड्याकडे पाहून तिच्या हातातली पिशवी खाली पडली.

"आई! ही उन्हात कोणी ठेवली?"

मग तिनं सांगितलं. ही बरणी कथबर्टनं लग्नाच्या वर्षी घातली. दर वर्षी एकदा उघडायची, मित्रांनी प्यायची, जेवढी कमी झाली तेवढी नवी रम ओतायची, पण आतले मसाले कधी काढायचे नाहीत. अठ्ठावीस वर्षं ती रिकामी झाली नव्हती. तो गेल्यावर कुणी बुचाला हात लावला नव्हता. रविवारी त्याला वर्ष होणार होतं. त्याच्या हातची शेवटची रम त्या दिवशी मित्रांना द्यायची आणि मग पहिल्यांदा अर्लीनताईंनी स्वतः वरून नवी ओतायची, असं त्यांनी वर्षभर मनाशी धरलं होतं.

"म्हणजे विरजणासारखं," नलिनी म्हणाली आणि जिन्याच्या पायरीवर खालीच बसली.

बरणीतली पातळी चांगली चार बोटं खाली गेली होती. काचेवर जुन्या पातळीची रेघ स्पष्ट दिसत होती. मी काडीनं थेंब घेऊन चाखला. मसाला भरपूर होता, पण तो खिळा कुठे नव्हता. दारू उडते आणि पाणी मागे राहतं, हे मी एकतीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो.

माझं मन लगेच पळवाटा काढू लागलं. मी म्हटलं, "कोपऱ्यावरच्या दुकानात कडक रम मिळते. चार बोटंच तर भरायची आहे. कोणाले कळणार?"

नलिनीनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "तिच्या नवऱ्याची आहे ते," ती म्हणाली, "अन् तुम्ही दुकानातली ओतून राहिले? मी सांगते तिले."

मुग्धा म्हणाली, मी इंग्रजीत नीट सांगते. नलिनी म्हणाली, "काहून? चूक माही आहे."

अर्लीनताई पाचला आल्या. नलिनी अंगणात उभी होती, हात जोडलेले. "सिस्टर," ती म्हणाली, "सन. होल डे. कॅप ओपन. माय मिस्टेक." एवढं बोलून तिचे शब्द संपले आणि ती रडू लागली.

अर्लीनताईंनी बरणीकडे पाहिलं. काचेवरच्या रेघेवर बोट ठेवलं. मग दादऱ्याची गाठ सोडली, कापडाची नीट चौघडी केली, ती नलिनीच्या हातात परत दिली. बरणी छातीशी धरून त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं.

शुक्रवार, शनिवार

दोन दिवस आम्हाला जेवण मिळालं, पण ते वाढपी बाईनं आणून ठेवलं. सूप होतं, मासे होते, पेला नव्हता. मला रमचं दुःख नव्हतं, खरंच नव्हतं. मुग्धाकडे पाहवत नव्हतं. सोमवारी आम्ही निघणार होतो आणि मागे ती या घरात राहणार होती. सात समुद्रांपलीकडे तिला एकच घरचं माणूस होतं, ते आम्ही चांगुलपणाच्या भरात तोडून निघालो होतो. तिनं आम्हाला बोल लावला नाही. फक्त शनिवारी सकाळी म्हणाली, "बाबा, तुम्ही तरी थांबवायचं ना आईला." बरणी उचलून नेणारे हात माझेच होते.

नलिनी जेवत नव्हती. शनिवारी दुपारी स्वयंपाकघरातून नारळ फोडल्याचे आवाज येऊ लागले. रविवारी पन्नास माणसं जेवणार होती. ती पदर खोचून उठली. मी म्हटलं, नको जाऊ, अपमान करतील. ती म्हणाली, "करू दे." आणि गेली.

नंतर तिनं मला सांगितलं. ती आत जाऊन जमिनीवर बसली, दुसरी किसणी ओढली आणि खोबरं किसायला लागली. अर्लीनताई आपले नारळ फोडत राहिल्या. बारा नारळ झाले. तेराव्याला नलिनीचं बोट किसलं गेलं. तेव्हा अर्लीनताईंनी तिचा हात ओढून घेतला, रक्त धुतलं आणि चिमूटभर हळद दाबून धरली. "केशर," त्या म्हणाल्या. "हळद," नलिनी म्हणाली. एवढंच बोलणं झालं.

रविवार, अंगणात

तिथं अशा दिवशी अंगणात तीन दगडांवर मोठं पातेलं चढवतात. त्यात फणसासारखा दिसणारा, पण बटाट्यासारखा लागणारा विलायती फणस, अळूची पानं, खारवलेलं मांस, कणकेचे लांबट गोळे, हळद आणि भरपूर नारळाचं दूध. दूध आटून तेल सुटलं की झालं. आपल्या वरणफळांची दूरची बहीण म्हणावी. मी सकाळी अंगणात आलो तर मोठ्या पातेल्याशेजारी तीन लहान दगडांवर एक लहान पातेलं रटरटत होतं. त्यात मांस नव्हतं. नलिनी मांस-मासे खात नाही, हे अर्लीनताईंनी लक्षात ठेवलं होतं. नलिनीनं ते पाहिलं आणि डोळ्यांना पदर लावला.

चर्चमधून माणसं आली. प्रार्थना झाली. अर्लीनताईंनी बारावी बरणी आणून टेबलावर ठेवली. त्यांनी कुणाला काही सांगितलेलं नव्हतं. पहिला पेला त्यांनी फिट्झरॉयच्या हातात दिला.

म्हाताऱ्यानं पेल्यातले दोन थेंब जमिनीवर ओतले, कथबर्टसाठी. आमच्या कुहीकडेही पहिल्या घोटाआधी बोट बुडवून दोन थेंब शिंपडणारी माणसं मी पाहिली आहेत, सासऱ्यांसकट. मग त्यानं घोट घेतला. थांबला. कपाळाला आठी घातली. दुसरा घोट घेतला आणि तो तोंडात बराच वेळ धरून ठेवला. अर्लीनताई टेबलाची कड घट्ट धरून उभ्या होत्या.

"ऐकलं," फिट्झरॉय म्हणाला. "अठ्ठावीस वर्षं सांगत होतो, ऐकलं नाही. आणि बघा, वर जाऊन ऐकलं माझं! कमी केलं रे त्यानं. माझ्यासाठी कमी केलं."

तो खुर्चीत बसून लहान पोरासारखा रडला. अर्लीनताईंनी नलिनीकडे पाहिलं, नलिनीनं त्यांच्याकडे. आणि अर्लीनताईंना हसू फुटलं. आधी तोंडावर हात, मग टेबलाला टेकून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. वर्षभरात त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं, असं मुग्धा म्हणाली. मग त्यांनी सगळ्यांना सगळं सांगितलं, ऊन, बूच, दादरा, सगळं. हशा समुद्रापर्यंत गेला असेल. फिट्झरॉयनं नाक पुसलं, नलिनीला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाला, "बाई, तुम्ही वीस वर्षं आधी यायला हवं होतं."

मलाही पेला मिळाला. आयुष्यात मी याहून मऊ, याहून लांबवर रेंगाळणारी रम प्यायलो नाही. त्या तेल सुटलेल्या पातेल्यातला एक घास, एक घोट, पुन्हा घास. शेवटी अर्लीनताईंनी नव्या रमची भली मोठी बाटली उघडली. अर्धी स्वतः ओतली आणि बाटली नलिनीच्या हातात दिली. आयुष्यात दारूच्या बाटलीला हात न लावलेल्या माझ्या बायकोनं उरलेली अर्धी, एक थेंब न सांडता, बरणीत ओतली. पातळी पुन्हा जुन्या रेघेला लागली.

सोमवारी निघताना अर्लीनताई नलिनीला म्हणाल्या, "ते कापड ठेवून जा."

लकडगंज

परवा सकाळी मुग्धानं फोनवर फोटो पाठवला. कथबर्टला दोन वर्षं होत आली. अंगणातल्या कठड्यावर ती फुगीर पोटाची बरणी उन्हात ठेवलेली, तोंडाला नलिनीच्या जुन्या साडीचा दादरा, आणि शेजारी खुर्ची टाकून फिट्झरॉय घड्याळ हातात घेऊन राखण करत बसलेला. खाली अर्लीनताईंचा निरोप होता, "फक्त एक तास."

नलिनी तेव्हा गच्चीवर लिंबाच्या बरण्या उन्हात मांडत होती. तिनं चष्मा लावला, फोटो बोटांनी मोठा केला आणि दादऱ्याची गाठ निरखली.

"गाठ सैल बांधली तिनं," ती म्हणाली. मग डोळे पुसले आणि म्हणाली, "लावा ना फोन. तिले सांगा लागते."